विश्लेषण : एका शिक्षकामागे किती मुले आणि खर्च कोणाचा? गोखले यांचे १९११ चे विधेयक आणि भंडाऱ्याची शाळा

सप्टेंबर सरत आला की भंडारा जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळांच्या मुख्याध्यापकांचे लक्ष हजेरीपटाकडे लागते. ३० सप्टेंबरचा पट हा संचमान्यतेचा, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मिळणार या मंजुरीचा आधार असतो. पट घसरला की पद जाते, शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि समायोजनात दुसऱ्या गावी जातो. पट वाढला तरी पद लगेच मिळेलच असे नाही. मुलांची संख्या आणि सरकारी पैसा यांची ही सांगड नेमकी कुठून आली, याचा माग काढत गेले तर वाट ११५ वर्षांपूर्वीच्या कलकत्त्यात पोहोचते. तेथील केंद्रीय विधिमंडळात पुण्याच्या एका माजी मास्तरांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे विधेयक मांडले होते. ते मास्तर म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. महात्मा गांधींचे राजकीय गुरू एवढीच त्यांची ओळख बहुतेकांना असते. शाळेचा खर्च कोणी किती उचलायचा, याचा हिशेब कायद्याच्या भाषेत मांडण्याचे त्यांचे काम मात्र विस्मरणात गेले आहे.

गोखले यांचे स्वतःचे शिक्षण कोणाच्या पैशावर झाले?

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. १८७९ मध्ये ते वारले, तेव्हा गोपाळ १३ वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून कागललाच नोकरी धरली. पगार महिना १५ रुपये. त्यातले ८ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवत आणि उरलेल्या ७ रुपयांत घर चालवत. घराच्या मिळकतीचा निम्म्याहून अधिक भाग एका मुलाच्या शिक्षणावर जात होता, आणि त्यासाठी दुसऱ्याची शाळा सुटली होती.

पुढे कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असा प्रवास करत गोखले १८८४ मध्ये बी. ए. झाले. सरकारी नोकरी किंवा वकिली हे तेव्हाच्या पदवीधरांचे ठरलेले मार्ग. गोखले १८८५ मध्ये पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये महिना ३५ रुपयांवर शिक्षक झाले. वर्षभरात ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य बनले आणि फर्ग्युसन कॉलेजात इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र असे जे विषय वाट्याला आले ते शिकवत राहिले. १८९० मध्ये लोकमान्य टिळक संस्थेतून बाहेर पडल्यावर गणिताचे तासही त्यांच्याकडे आले. शाळांसाठी त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक बरीच वर्षे चालले. १९०२ मध्ये ते कॉलेजातून निवृत्त झाले तेव्हा त्यांना महिना ३० रुपये निवृत्तिवेतन लागू झाले.

या काळात गोखले यांच्याकडे आणखी एक काम होते, ते वर्गणीचे. संस्थेच्या इमारतींसाठी ते संस्थानिकांपासून व्यापाऱ्यांपर्यंत अनेकांचे उंबरठे झिजवत. शाळा उत्साहावर सुरू होते, पण दरमहा पगारावर चालते, हे त्यांना अशा रीतीने आतून माहीत होते. पुढे अर्थसंकल्पावर बोलताना त्यांच्या आकड्यांना जी धार येत असे, ती बऱ्याच अंशी इथून आली होती.

अर्थसंकल्पात त्यांना नेमके काय खटकले?

१९०२ पासून गोखले व्हाइसरॉयच्या विधिमंडळात बसू लागले. २६ मार्च १९०२ रोजी अर्थसंकल्पावरच्या पहिल्याच भाषणाने त्यांचे नाव झाले. सरकार सलग काही वर्षे शिल्लक दाखवत होते आणि ही शिल्लक समृद्धीची खूण मानली जात होती. गोखले यांनी ती मोजणी उलटी वाचली. दुष्काळ आणि प्लेगने पिचलेल्या लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला म्हणून पैसा उरला, असे त्यांचे म्हणणे. हा पैसा मीठावरचा कर कमी करायला आणि शाळांना द्यावा, ही मागणी त्यांनी पुढे वर्षानुवर्षे लावून धरली. लष्करावरचा आणि शिक्षणावरचा खर्च शेजारी शेजारी ठेवून दाखवणे हा त्यांचा हातखंडा होता. अर्थसंकल्पाच्या चर्चेला तेव्हा फारसा अर्थ नसे. मतदान नव्हते, सरकारी सदस्यांचे बहुमत ठरलेले होते. तरी दरवर्षी ही शिकवणी चालू राहिली.

१९०९ च्या सुधारणांनंतर सदस्यांना ठराव मांडता येऊ लागले. मार्च १९१० मध्ये गोखले यांनी देशभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याच्या दिशेने पावले टाकावीत आणि त्यासाठी आयोग नेमावा, असा ठराव आणला. विचार करू, असे आश्वासन मिळाल्यावर तो मागे घेतला. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारात शिक्षणाचे स्वतंत्र खाते उघडले गेले. १६ मार्च १९११ रोजी मात्र गोखले थेट विधेयक घेऊन उभे राहिले.

त्यांनी ठेवलेले आकडे आजही वाचावेत असे आहेत. प्राथमिक शिक्षणावर लोकसंख्येच्या दर डोई अमेरिका १६ शिलिंग, तर इंग्लंड-वेल्स १० शिलिंग खर्च करत होते. हिंदुस्थानात हा आकडा जेमतेम १ पेनी होता. १२ पेनींचा एक शिलिंग होतो. म्हणजे इंग्लंड स्वतःच्या मुलांवर करत असलेल्या खर्चाचा १२० वा भाग इथे खर्च होत होता. परदेशाशी तुलना कशाला, असे कोणी म्हणू नये म्हणून त्यांनी बडोदा संस्थानाचा दाखला जोडला. सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला. शाळेच्या वयाच्या मुलांपैकी बडोद्यात ७९.६ टक्के मुलगे शाळेत होते, ब्रिटिश हिंदुस्थानात २१.५ टक्के. मुलींमध्ये हे प्रमाण ४७.६ टक्के आणि ४ टक्के होते. मुलुख तोच, माणसे तशीच. फरक होता तो राज्यकर्त्याने खर्च आपला मानला की नाही, याचा.

विधेयकात काय होते?

भीत भीत टाकलेले पाऊल, असेच त्याचे वर्णन करावे लागेल. सक्ती सगळ्या देशावर एकदम लादायची नव्हती. नगरपालिका किंवा जिल्हा मंडळाला वाटले, तर त्यांनी आपल्या हद्दीत सक्ती लागू करावी. त्यालाही प्रांतिक सरकारची आधी परवानगी हवी. सक्ती ६ ते १० वर्षे वयाच्या मुलग्यांपुरती, मुलींचा विचार नंतर. घरापासून मैलभरात मान्यताप्राप्त शाळा नसेल तर पालकाला सूट. महिना १० रुपयांपेक्षा जास्त मिळकत नसलेल्या पालकांकडून फी घ्यायची नाही. १९१० मध्ये गोखले यांना सरसकट मोफत शिक्षण हवे होते, वर्षभरात ते इथवर खाली आले होते. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला आणि त्याला कामाला लावणाऱ्या मालकाला किरकोळ दंड होता. खर्चासाठी स्थानिक संस्थेला शिक्षणकर बसवण्याची मुभा होती.

या सगळ्याचा कणा होता खर्चाच्या वाटणीचा. दोन तृतीयांश सरकारने, एक तृतीयांश स्थानिक संस्थेने, असे गोखले यांचे गणित होते. मुलामागे वर्षाला सुमारे ५ रुपये खर्च येईल, असा हिशेब तेव्हाच्या चर्चेत धरला जाई. एखाद्या गावात ४० मुलगे धरले तर वर्षाला २०० रुपये लागतील. त्यातले १३३ रुपये ५ आणे ४ पै सरकारचे, ६६ रुपये १० आणे ८ पै जिल्ह्याचे. शिक्षकाचा पगार महिना १२ रुपये धरला, तर वर्षाला १४४ रुपये होतात. म्हणजे सरकारचा वाटा पूर्ण मिळाला तरी तो साधारण एका शिक्षकाच्या पगारात संपतो. खोली, फळा, चटई, दुरुस्ती हे सगळे गावाच्या अंगावर येते.

हेच गणित २० मुलांच्या वाडीला लावले की १०० रुपयेच हाती येतात आणि शिक्षकाचा पगारही निघत नाही. दर मुलामागे पैसा मोजणारी कोणतीही पद्धत लहान गावाला मुळातच महाग पडते. एका शिक्षकापुढे जितकी जास्त मुले बसवाल तितकी शाळा स्वस्त, हा मोह या हिशेबातच दडलेला आहे.

हे विधेयक भंडाऱ्यापर्यंत पोहोचले असते का?

भंडारा तेव्हा मध्य प्रांताच्या नागपूर विभागातला जिल्हा होता. मालगुजारी मुलुख, धानाची शेती, तलावांवरचे सिंचन, आणि वैनगंगेच्या दोन्ही बाजूंना गावे. आज वेगळा असलेला गोंदिया त्यातच होता. तो १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. मध्य प्रांतात जमीन महसुलाबरोबर रस्ता, टपाल आणि शाळा यांसाठी वेगळी पट्टी घेतली जाई. शाळा नसलेल्या गावातूनही शाळेचा पैसा सरकारजमा होत होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मुंबई इलाख्याबद्दल हीच तक्रार केली होती. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो आणि गावातली शाळा कोरडी राहते, असा त्यांच्या निवेदनाचा आशय होता. गोखले यांच्या आधी ३० वर्षे आणि गोखले यांच्यापेक्षा जास्त सडेतोडपणे फुले यांनी हा मुद्दा मांडला होता, हे इथे नोंदवायलाच हवे.

गोखले यांच्या विधेयकातली एक अट भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यासाठी अडचणीची होती. एखाद्या भागात ठरावीक टक्के मुले आधीच शाळेत जात असतील, तरच तिथे सक्ती लागू करता येणार होती. टक्केवारी सरकारने ठरवायची होती. गोखले यांच्या मनात ती ३३ होती. निम्मी-पाऊण मुले बाहेर असताना सगळ्या पालकांना दंड करता येणार नाही, ही त्यामागची व्यवहारी समजूत. पण देशाची सरासरीच २१.५ असताना ३३ चा उंबरठा कोण ओलांडणार? शहरे आणि पुढारलेले तालुके. धान रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत ज्यांच्या घरची पोरे बांधावर असतात, गुरांमागे जातात, ती गावे रांगेत शेवटी राहणार. ज्याला शाळेची गरज सर्वांत जास्त, त्याच्याकडे कायदा सर्वांत उशिरा जाणार होता. सरकारची भीती घालवण्यासाठी केलेली ही तडजोड होती. तिचा उपयोगही झाला नाही, कारण सरकार तेवढ्यानेही पाघळले नाही.

विधेयक कोणी पाडले?

वर्षभर विधेयक देशभर मतांसाठी फिरले. डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबारात बादशहा पंचम जॉर्ज यांनी लोकशिक्षणासाठी ५० लाख रुपयांची घोषणा केली. वारा अनुकूल आहे, असे क्षणभर वाटले. १८ आणि १९ मार्च १९१२ रोजी चर्चा झाली. मागणी फक्त एवढी होती की विधेयक प्रवर समितीकडे पाठवावे.

सरकारच्या बाजूने शिक्षण खात्याचे सदस्य हारकोर्ट बटलर होते. लोकांची तयारी नाही, शिक्षक नाहीत, इमारती नाहीत, आहे त्या शाळांचा दर्जा आधी सुधारू, पैसा कुठून आणणार, असे आक्षेप होते. काही जमीनदार सदस्यांना वेगळीच काळजी होती. शिकलेला पोरगा शेतात राबणार नाही. ही भीती दरबारी भाषेत मांडली गेली तरी तिचा अर्थ कोणत्याही मालगुजाराला कळण्यासारखा होता. मदनमोहन मालवीय, महंमद अली जिना आणि अमरावतीचे रंगनाथ नरसिंह मुधोळकर यांनी विधेयकाची बाजू घेतली. पैसा लागत असेल तर कर बसवा, त्याची नाराजी आम्ही सोसू, अशी जिना यांची भूमिका होती.

दर्जाच्या आक्षेपाला गोखले यांनी दिलेले उत्तर आज पचनी पडायला जड जाते. आधी निरक्षरता घालवू द्या, दर्जा मागून येईल. शिक्षक प्रशिक्षित नसेल, इमारत नसेल, तरी चालेल. चांगल्या इमारतीची वाट पाहत एक पिढी निरक्षर ठेवणे त्यांना मान्य नव्हते. ७९ टक्के मुलगे शाळेबाहेर असताना हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण त्यात एका शिक्षकापुढे किती मुले बसणार, हा प्रश्न बाजूला पडला. दाराबाहेरच्यांना आत घेण्याच्या घाईत आतल्या गर्दीकडे दुर्लक्ष झाले, आणि प्राथमिक शाळांच्या पुढच्या इतिहासाला हे दुखणे चिकटून राहिले.

मतदान झाले. बाजूने १३, विरोधात ३८. निकाल गोखले यांना आधीच ठाऊक होता. विधेयक पडेल हे धरूनच ते बोलले, आणि आपल्या पिढीच्या वाट्याला अपयश सोसण्याचेच काम आहे, असेही त्यांनी सुचवले.

मग एका वर्गात ५० मुलांची मर्यादा कुठून आली?

विधेयक फेटाळणाऱ्या सरकारला काहीतरी करून दाखवणे भाग होते. २१ फेब्रुवारी १९१३ रोजी शिक्षण धोरणाचा ठराव निघाला. देशात तेव्हा सुमारे १ लाख सरकारमान्य प्राथमिक शाळा होत्या. त्यांत ९१ हजारांची भर घालायची आणि ४२.५ लाख विद्यार्थ्यांची संख्या दुप्पट करायची, असा संकल्प त्यात होता. प्रशिक्षित शिक्षकाला महिना किमान १२ रुपये द्यावेत. आणि एका शिक्षकाकडे ५० पेक्षा जास्त मुले नसावीत, शक्यतो ३० ते ४० असावीत.

वर्गाच्या आकाराची ही मर्यादा एवढ्या स्पष्टपणे सरकारी धोरणात उतरावी, ही मोठीच गोष्ट होती. पण ठरावाला कायद्याचे बळ नव्हते. कोणत्या प्रांताने, किती वर्षांत, कोणाच्या पैशाने हे करायचे, ते बांधलेले नव्हते. गोखले यांनी मागितली होती खर्चाची बांधील वाटणी. मिळाली ती आकड्यांची सदिच्छा. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले आणि तिजोरीचे तोंड दुसरीकडे वळले.

गोखले यांची प्रकृती मधुमेहाने ढासळत चालली होती. भारत सेवक समाजाचा व्याप, १९१२ मधला दक्षिण आफ्रिकेचा दौरा, सरकारी नोकऱ्यांविषयीच्या आयोगाचे काम, सगळे एकाच वेळी चालू होते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय ४८. विधेयक पुन्हा मांडायला त्यांना वेळ मिळाला नाही.

त्यांच्यानंतर काय झाले?

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. संस्थानाच्या तिजोरीतून दरवर्षी मोठी रक्कम त्यासाठी बाजूला काढली जाऊ लागली. गोखले ज्या संस्थानात वाढले, तिथेच त्यांचे स्वप्न आधी उतरले. तेही ब्राह्मणेतर चळवळीच्या नेत्याच्या हातून. इतिहासातला हा योगायोग मोठा बोलका आहे. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये कायदा झाला, तो नगरपालिकांपुरता. भंडाऱ्याला लागू होणारा मध्य प्रांताचा प्राथमिक शिक्षण कायदा १९२० चा. त्याचीही बांधणी गोखले यांच्या साच्यातलीच होती. स्थानिक संस्थेने पुढाकार घ्यायचा, सरकारने परवानगी द्यायची.

१९२१ पासून शिक्षण खाते निवडून आलेल्या भारतीय मंत्र्यांकडे आले, पण तिजोरीची किल्ली सरकारने स्वतःकडेच ठेवली. १९२९ च्या हारटॉग समितीने याचे फळ दाखवले. १९२२-२३ मध्ये पहिलीत बसलेल्या १०० मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीपर्यंत केवळ १८ पोहोचली होती. एकाच शिक्षकाच्या शाळा, चारही वर्ग एका खोलीत, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. समितीचा कल शाळा वाढवण्याऐवजी आहेत त्या घट्ट करण्याकडे होता. २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा जो युक्तिवाद ऐकू आला, त्याचे मूळ असे बरेच जुने आहे.

स्वातंत्र्यानंतर भंडाऱ्याच्या शाळांचे पालक वारंवार बदलले. १९४८ पासून जनपद सभा, १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात आणि १९६२ पासून जिल्हा परिषद. राज्यघटनेने १४ वर्षांपर्यंतच्या मुलांना १० वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. ते मूलभूत हक्क व्हायला २००२ ची घटनादुरुस्ती आणि प्रत्यक्ष अमलात यायला १ एप्रिल २०१० उजाडावा लागला.

आजच्या शाळेला हे गणित कसे लागू होते?

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४, असे टप्पे आहेत. सरासरी ३० मुलांमागे १. सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे १ आणि दर वर्गाला किमान १ शिक्षक. १९१३ च्या ठरावातली ३० ते ४० ची शिफारस कायद्यात यायला जवळजवळ शतक लागले. महाराष्ट्राच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत असावी. गोखले यांचा मैल त्याहून लांबचा होता.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. शिक्षक-विद्यार्थी प्रमाण आणि वर्गाचा आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाखांदूर किंवा साकोली तालुक्यातल्या एखाद्या गावात पाचवीपर्यंत २४ मुले आणि २ शिक्षक असतील, तर कागदावर १२ मुलांमागे १ शिक्षक पडतो. चित्र अगदी झकास दिसते. पण वर्ग ५ आहेत. एका शिक्षकाकडे २ आणि दुसऱ्याकडे ३ वर्ग. पहिलीला अक्षर गिरवायला देऊन तिसरीची बेरीज घ्यायची, तेवढ्यात पाचवीचे मूल वही घेऊन उभे. एक शिक्षक प्रशिक्षणाला, निवडणुकीच्या कामाला किंवा केंद्रावर माहिती द्यायला गेला, की दुसऱ्यासमोर पाचही वर्ग. जिल्हा सरासरीच्या तक्त्यात हा दिवस कुठेच उमटत नाही. तिकडे भंडारा किंवा तुमसर शहरातल्या एखाद्या अनुदानित शाळेत एकाच तुकडीत ५०-६० मुले बसली, तर दोन्ही शाळांची सरासरी काढून सगळे आलबेल आहे, असे म्हणता येते.

१५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले. सहावी ते आठवीच्या कमी पटाच्या वर्गांतली पदे त्यामुळे जातील, अशी शिक्षक संघटनांची तक्रार आहे. सरकारची बाजू अशी की मोजक्या मुलांसाठी पूर्ण पगाराचे पद ठेवणे परवडत नाही आणि मोठ्या शाळेत मुलांना सोबत मिळते, खेळ मिळतो, विषयशिक्षक मिळतो. यातले दुसरे म्हणणे अगदीच खोटे नाही. पाच मुलांच्या शाळेत कबड्डीचा संघ होत नाही. मात्र शाळा हलवली की मुलाच्या रोजच्या जाण्या-येण्याचा खर्च कोण करणार, आणि पावसाळ्यात नाल्याला पाणी असताना काय, याची तरतूद आधी व्हायला हवी. पालकांना धास्ती आहे ती याची. मुलींच्या बाबतीत तर अंतर वाढले की शाळा सुटण्याची शक्यता वाढते.

पैशाची वाटणी आज अशी आहे. जिल्हा परिषद शिक्षकांचे पगार राज्य सरकारच्या अनुदानातून होतात आणि प्राथमिक शिक्षणावरच्या खर्चाचा सर्वांत मोठा भाग तोच असतो. २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. पाठ्यपुस्तके, गणवेश, प्रशिक्षण आणि शाळेचे वार्षिक अनुदान त्यातून येते. हे शाळा अनुदान पटसंख्येच्या टप्प्यांनुसार मिळते. पट कमी तर रक्कम कमी. गळके छप्पर, वीजबिल, हातपंप यांचा खर्च मात्र २० मुलांना आणि ८० मुलांना जवळजवळ सारखाच येतो. तूट भरून निघते ती ग्रामपंचायतीच्या निधीतून, लोकवर्गणीतून आणि पुष्कळदा शिक्षकांच्या खिशातून.

गोखले यांच्या आराखड्यात स्थानिक संस्थेच्या वाट्याला खर्चाचा एक तृतीयांश भाग होता, आणि तो भागवण्यासाठी कर बसवण्याचा अधिकारही तिला दिलेला होता. आज शाळा चालवण्याची जबाबदारी जिल्हा परिषदेची आहे. तिच्या स्वतःच्या उत्पन्नातून मात्र शिक्षकाचे एक पदही उभे करता येत नाही. पद मंजूर होते ते ३० सप्टेंबरच्या पटावर आणि मुंबई-पुण्याहून आलेल्या निकषांवर. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळा विकास आराखडा तयार करण्याचा अधिकार कायद्याने त्यांना दिला आहे. किती वर्गांना किती शिक्षक आहेत, त्यातला प्रत्येक जण वर्षात किती दिवस शाळेबाहेरच्या कामावर होता आणि अनुदान कमी पडल्यावर कोणत्या महिन्यात कोणी पैसे भरले, हे तीन आकडे या आराखड्यात लिहून ठरावासह पंचायत समितीकडे पाठवता येतात.